माणसांच्या मेळ्याचे मोल : आंतरजालावरील समुदायांचे आर्थिक मूल्यांकन



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत हिशेबाचा विषय घेऊन उभे राहणे काहीसे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, ते गणित शिकवीत असत आणि उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची मानीत असत. म्हणून आजही मी आपल्यापुढे मुख्यतः रीत मांडणार आहे.

व्यवसायाने मी सनदी लेखापाल. चालू धंद्याची किंमत ठरवून देणे हा माझ्या कामाचा एक भाग. कारखाना, दुकान, छापखाना यांची किंमत काढण्याच्या पद्धती रूढ आहेत. गेल्या तीस वर्षांत मात्र एक नवीच वस्तू विक्रीस येऊ लागली आहे. ती म्हणजे आंतरजालावर जमलेला माणसांचा समुदाय. १९९९ साली ‘याहू’ने ‘जिओसिटीज’ सुमारे ३५७ कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात घेतली. २०१४ साली ‘फेसबुक’ने ‘व्हॉट्सॲप’साठी १,९०० कोटी डॉलर देऊ केले, त्या वेळी त्या कंपनीत अवघी ५५ माणसे नोकरीस होती. २०२२ साली ‘ट्विटर’ ४,४०० कोटी डॉलरना विकले गेले. हे आकडे कोठून येतात? ते खरे असतात का? आणि ज्यांच्या येण्याजाण्याने ही किंमत निर्माण होते त्या सभासदांचा तीत वाटा कोणता? हे तीन प्रश्न आज घ्यावयाचे आहेत.

विकले नेमके काय जाते?

आपल्या बडोद्याचेच उदाहरण घेऊ. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना पाचारण करून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे उभारले. अशा एखाद्या वाचनालयाची किंमत काढा असे कोणी मला सांगितले, तर मी इमारत, कपाटे आणि ग्रंथ यांची यादी करीन. परंतु रोज संध्याकाळी येऊन बसणारे वाचक मी त्या यादीत घालू शकणार नाही. ते वाचनालयाच्या मालकीचे नाहीत. उद्या ते आले नाहीत, तर त्यांना आणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आंतरजालावरील समुदायाचे नेमके उलट असते. तेथे यंत्रे भाड्याने मिळतात आणि आज्ञावली काही महिन्यांत पुन्हा लिहिता येते. किंमत असते ती केवळ येणाऱ्या माणसांच्या सवयीची. म्हणजे जी वस्तू विक्रेत्याच्या मालकीचीच नाही, तिचाच मुख्यतः भाव होतो. या विषयातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

पहिली रीत : दरडोई भाव

सर्वांत सोपी रीत म्हणजे शेजारच्या घराचा भाव पाहून आपल्या घराचा भाव सांगण्याची. एकूण किमतीस सभासदसंख्येने भागावयाचे आणि आलेला दर दुसऱ्या समुदायास लावावयाचा. व्हॉट्सॲपचे त्या वेळी महिन्याला ४५ कोटी वापरकर्ते होते. १,९०० कोटींना ४५ कोटींनी भागले की माणशी सुमारे ४२ डॉलर येतात. त्याआधी २०१२ साली ‘इन्स्टाग्राम’ १०० कोटी डॉलरना ठरले. तेव्हा त्याचे सुमारे ३ कोटी वापरकर्ते होते, म्हणजे माणशी ३३ डॉलर. दोन्ही दर जवळपासचे दिसतात आणि रीत भरवशाची वाटू लागते.

परंतु भाजक कोणता, हे पाहिल्यावाचून भागाकारास अर्थ नसतो. २०१६ साली ‘मायक्रोसॉफ्ट’ने ‘लिंक्डइन’ २,६२० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. नोंदलेले सभासद ४३.३ कोटी होते. त्या हिशेबाने माणशी साठ डॉलर. पण महिन्यातून एकदा तरी डोकावणारे सभासद सुमारे १०.५ कोटीच होते. त्या हिशेबाने माणशी अडीचशे डॉलर. व्यवहार एक, खरेदीदार एक, आणि दरात चौपट फरक. आपल्या शाळेच्या पटावर नाव असणे आणि वर्गात हजर असणे यांतील अंतर आपण सारे जाणतो. पटावरून शाळेचे मूल्य करणारा परीक्षक फसतो. येथेही तसेच होते.

शेजारच्या घराचा भावच चुकीचा असला तर काय होते, हे ‘मायस्पेस’ने दाखवून दिले. २००५ साली ‘न्यूज कॉर्पोरेशन’ने तिची मूळ कंपनी ५८ कोटी डॉलरना घेतली. २०११ साली ती सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकावी लागली. ‘टम्बलर’ याहूने २०१३ साली ११० कोटी डॉलरना घेतले होते. जिओसिटीज तर याहूने २००९ साली अमेरिकेत बंदच करून टाकली. खरेदीचा दिवस पाहून दरडोई भाव ठरविणाऱ्यांनी या तिन्ही समुदायांवरून इतरांच्या किमती ठरविल्या असणार, हे लक्षात घेतले म्हणजे या रीतीची मर्यादा कळते.

दुसरी रीत : पुढील उत्पन्न आजच्या पैशांत

माझ्या व्यवसायात अधिक मान असलेली रीत अशी. एका सभासदापासून पुढे दरवर्षी निव्वळ किती मिळेल ते ठरवावयाचे आणि ते सारे आजच्या पैशांत आणून बेरीज करावयाची. उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून कमी मोलाचा. ही घट दाखविणाऱ्या टक्केवारीस वटावदर म्हणतात.

एक काल्पनिक समुदाय घेऊ. जाहिरातींतून एका सभासदामागे वर्षाला १०० रुपये येतात, खर्च ६० रुपये होतो, उरतात ४०. वटावदर १२ टक्के. शिवाय दरवर्षी शंभरांतील २० सभासद सोडून जातात. वर्षाच्या अखेरीस पैसे हाती येतात असे धरले, तर या अनंत मालिकेची बेरीज करण्याचा सोपा मार्ग आहे. वटावदर आणि गळती यांची बेरीज करावी, आणि निव्वळ उत्पन्नास तिने भागावे. १२ आणि २० मिळून ३२ टक्के. ४० भागिले ०.३२ म्हणजे १२५ रुपये. ही एका सभासदाची आजची किंमत.

आता केवळ गळती बदलून पाहू. दरवर्षी २० ऐवजी १० सभासद जाऊ लागले, तर भाजक २२ टक्के होतो आणि किंमत १८२ रुपये येते. ४० जाऊ लागले, तर भाजक ५२ टक्के होतो आणि किंमत ७७ रुपयांवर येते. उत्पन्नात एका पैचाही फरक नाही. फक्त माणसे टिकण्यात फरक आहे. म्हणून समुदायाचे मूल्यांकन करावयास बसलो की मी जाहिरातीच्या दरांआधी गळतीचा तक्ता मागतो. तीन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी आज किती उरले आहेत, या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे मूल्यांकन असते.

या रीतीतून आणखी एक कटू गोष्ट बाहेर पडते. बाजाराच्या लेखी सर्व सभासद समान नसतात. फेसबुकची चालक कंपनी ‘मेटा’ हिच्या अहवालानुसार २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत अमेरिका व कॅनडातील एका वापरकर्त्यामागे फेसबुकचे उत्पन्न ६८ डॉलर होते. आशिया-प्रशांत विभागात, ज्यात आपण येतो, ते साडेपाच डॉलर होते. फरक बारा पटींचा. आपली मैत्री तेथल्या मैत्रीहून बारा पटींनी पातळ आहे, असा याचा अर्थ नाही. आपल्याला वस्तू विकू पाहणारे जाहिरातदार आपल्यासाठी कमी पैसे मोजतात, एवढाच त्याचा अर्थ. ही रीत समुदायाचे मोल मोजत नाही, त्यातील ग्राहकांची क्रयशक्ती मोजते.

गळती एकटी येत नाही

वरील उदाहरणात एक गृहीत लपलेले होते. सोडून जाणारे गेले तरी उरलेल्यांचे काही बिघडत नाही, असे आपण धरले. दुकानाच्या गिऱ्हाइकांबाबत ते बहुधा खरे असते. समुदायाबाबत खरे नसते, कारण येथे प्रत्येक जण दुसऱ्यासाठी येतो.

याविषयी ‘मेटकाफचा नियम’ प्रसिद्ध आहे. संगणक एकमेकांस जोडणाऱ्या ‘इथरनेट’चे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने तो ओळखला जातो, हे नाव जॉर्ज गिल्डर यांनी १९९३ साली दिले. नियम असा की, जाळ्याचे मूल्य सभासदसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारण साधे आहे. हजार माणसांत ४,९९,५०० जोड्या होतात. पाचशे माणसांत १,२४,७५० होतात. सभासद निम्मे झाले की संभाव्य संबंध चौथाईवर येतात.

या नियमाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अनेक गुंतवणूकदारांना भुरळ घातली. २००६ साली अँड्र्यू ओडलिझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचा युक्तिवाद असा की, सर्व जोड्या सारख्या मोलाच्या नसतात. हजारांच्या मेळ्यात आपण खरोखर बोलतो ते वीसपंचवीस जणांशी. म्हणून सभासद दुप्पट झाले तर मूल्य चौपट न होता दुपटीहून थोडेसेच अधिक होते. मला हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र मेटकाफच्या नियमातील एक अंश नाकारता येत नाही: समुदाय जसा भराभर चढतो, तसा भराभर उतरतो. आपले वीसपंचवीस जण दुसरीकडे गेले की उरलेल्या लाखोंशी आपल्याला कर्तव्य नसते. भारतात आणि ब्राझीलमध्ये अतिशय लोकप्रिय झालेले ‘ऑर्कुट’ २००४ साली सुरू झाले आणि २०१४ साली बंद झाले. दहा वर्षांत एक सारे आयुष्यचक्र पूर्ण झाले.

तिसरी रीत : उभारणीचा खर्च

वस्तू पुन्हा करावयाची झाल्यास काय खर्च येईल, ही मूल्यांकनाची तिसरी रीत. इमारतीस ती उत्तम लागू पडते. समुदायास लावू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. उभारणीचे बरेचसे काम पगारी माणसांनी केलेले नसतेच. भांडणे मिटविणारे, नवख्याला वाट दाखविणारे, अपशब्द काढून टाकणारे, प्रश्नांची उत्तरे लिहिणारे हे सारे विनावेतन राबतात.

१९९९ साली अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीवर तिच्या माजी स्वयंसेवकांनी दावा लावला. आम्ही केलेले काम नोकरांचेच होते, तेव्हा वेतन द्या, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षानुवर्षे चाललेला तो दावा अखेर दीड कोटी डॉलर देऊन मिटविण्यात आला. ‘रेडिट’ या समुदायावरील नियंत्रकांच्या कामाचा अभ्यास अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने हे स्वयंसेवक मिळून दररोज किमान ४६६ तास काम करीत होते आणि त्याचे वार्षिक मोल किमान ३४ लाख डॉलर, म्हणजे कंपनीच्या २०१९ च्या उत्पन्नाच्या २.८ टक्के होते. हा आकडा तळाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यात नियंत्रणाचे काम मोजले आहे; कोट्यवधी सभासदांनी लिहिलेल्या मजकुराचे श्रम त्यात नाहीत.

या विनावेतन श्रमिकांनी एकदा आपले बळ दाखविले. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या आज्ञावलींना आपली दारे वापरण्यासाठी भारी दर लावले. निषेधार्थ नियंत्रकांनी हजारो गट काही काळ बंद ठेवले. पुढे मार्च २०२४ मध्ये रेडिटचे शेअर्स ३४ डॉलरप्रमाणे बाजारात आले आणि कंपनीची किंमत सुमारे ६४० कोटी डॉलर ठरली. त्या वेळच्या माहितीपत्रकात कंपनीने सांगितले की, सभासदांनी लिहिलेला मजकूर इतरांना वापरू देण्याचे दोन ते तीन वर्षांचे एकूण २०.३ कोटी डॉलरचे करार झाले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली शिकविण्यासाठी माणसांच्या संभाषणाला आता थेट भाव आला आहे. लिहिणाऱ्यांना मात्र त्या करारांतून काही मिळावयाचे नव्हते.

याच घडामोडीची दुसरी बाजू ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने पाहिली. संगणक-आज्ञावली लिहिणारे तेथे एकमेकांना प्रश्न विचारीत. २०२१ साली तो समुदाय ‘प्रोसस’ कंपनीने १८० कोटी डॉलरना घेतला. मजकूर तर मुक्त परवान्याखाली होता, कोणालाही नकलून घेता येई. तेव्हा विकत घेतली गेली ती माणसांची सवयच. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले, आणि त्यानंतर तेथे विचारल्या जाणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. जुना साठा जागच्या जागी राहिला. सवय निघून गेली.

चौथी रीत : सभासदाच्या लेखी मोल

आतापर्यंतच्या तिन्ही रीती मालकाच्या बाजूने पाहतात. अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे सभासदाच्या बाजूनेही पाहण्याचा प्रयत्न केला आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत पावतीवर दिसत नाही. मग ती सोडण्यासाठी तुम्ही काय घ्याल, असे विचारावयाचे. एरिक ब्रिन्यॉल्फसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत असे प्रयोग केले. काही जणांना खरोखरच पैसे देऊन फेसबुक बंद ठेवावयास लावले, म्हणजे उत्तर तोंडदेखले राहू नये. २०१६ साली मधल्या वापरकर्त्याची मागणी महिन्याला सुमारे ४८ डॉलर होती. वर्षाचे पावणेसहाशे डॉलर. त्याच वर्षी तेथील एका वापरकर्त्यामागे कंपनीला साठ-पासष्ट डॉलर मिळाले होते. म्हणजे सभासदाला वाटणारे मोल कंपनीच्या उत्पन्नाच्या सुमारे नऊ पट होते. बाजारभावात हा मोठा भाग कोठेच उमटत नाही.

पण थांबा. या मोजणीतही एक मेख आहे. २०२३ साली लिओनार्डो बुर्स्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. इतर सारे तेथेच असताना तुम्ही एकट्याने चार आठवडे ‘टिकटॉक’ सोडण्यासाठी काय घ्याल? सरासरी उत्तर आले ५९ डॉलर. इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर. मग विचारले, तुमच्यासह महाविद्यालयातील सर्वांनीच ते सोडावयाचे ठरले तर? तेव्हा चित्र उलटले. सर्वांचेच बंद व्हावे म्हणून विद्यार्थी स्वतःच्या खिशातून टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर द्यावयास तयार होते! म्हणजे त्यांच्या उत्तरातील पहिला आकडा आवडीचा नव्हता, एकटे पडण्याच्या भीतीचा होता. मूल्यांकन करणाऱ्याने दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. जो समुदाय सर्वांनी मिळून सोडावयाचा म्हटले तरीही लोकांना हवा असतो, तोच खऱ्या अर्थाने मोलाचा.

ताळेबंद काय सांगतो?

आता लेखापालाचा कोपरा. आपल्याकडील लेखा मानक २६ प्रमाणे स्वतः उभारलेली ख्याती किंवा ग्राहकांची यादी ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. ती विकत घेतली तरच दिसते. म्हणून वीस वर्षे जोपासलेल्या समुदायाची किंमत त्याच्या स्वतःच्या वह्यांत शून्य असते, आणि विक्री झाली की दुसऱ्याच्या वह्यांत ती अब्जावधींची होते.

विकत घेणाऱ्यालाही ती नीट मांडता येत नाही. व्हॉट्सॲपचा व्यवहार पूर्ण झाल्यावर फेसबुकने मोबदल्याची फोड प्रसिद्ध केली. वापरकर्त्यांच्या समूहाची किंमत सुमारे २०० कोटी डॉलर दाखविली. नाव आणि तंत्रज्ञान मिळून शंभर कोटींच्या आत. आणि १,५०० कोटींहून अधिक रक्कम ‘ख्याती’ या एकाच सदरात घातली. ख्याती म्हणजे बाकी सर्व मोजून झाल्यावर उरलेली, ज्याचे नाव सांगता येत नाही अशी रक्कम. जगातील उत्तमोत्तम लेखापाल बसले, तरी दिलेल्या पैशांतील बहुतांश भाग कशासाठी दिला हे वह्यांत लिहिता आले नाही. माझ्या मते तो भाग माणसांच्या परस्परसंबंधांचा होता. यादी विकत घेता येते, संबंध घेता येत नाहीत; म्हणून ते ‘ख्याती’ होऊन बसतात.

मालकी आणि मोल

मालक बदलल्यावर काय घडते, याचे दोन दाखले सांगतो. जिओसिटीजवर लोकांनी स्वतःची पाने बांधली होती. वस्त्यांना गावांसारखी नावे होती. याहूने ती घेतल्यावर १९९९ सालीच नवीन अटी घातल्या, ज्यांनुसार सभासदांच्या मजकुरावर कंपनीला विस्तृत हक्क मिळत होते. सभासदांनी पाने काढून घेण्यास आरंभ केला, आणि कंपनीला अटी मागे घ्याव्या लागल्या. दहा वर्षांनी सारे बंद झाले. त्यातील बराच मजकूर आज उपलब्ध आहे तो केवळ काही स्वयंसेवकांनी घाईघाईने नकलून ठेवला म्हणून.

दुसरा दाखला ‘द वेल’ या समुदायाचा. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेला हा अगदी आरंभीचा समुदाय. १९९९ साली तो ‘सॅलन’ या प्रकाशनसंस्थेकडे गेला. २०१२ साली संस्थेला तो नको झाला, तेव्हा सभासदांनीच एकत्र येऊन चार लाख डॉलरना तो विकत घेतला. सभासद वर्गणी भरतात आणि समुदाय चालतो. ३५७ कोटींचा समुदाय नाहीसा झाला आणि चार लाखांचा टिकला. बाजारभाव आणि आयुष्य यांचा संबंध किती सैल आहे, हे यावरून दिसते.

मराठीतही अशी उदाहरणे आहेत. १९९६ साली सुरू झालेले ‘मायबोली’ आणि २००३ साली सुरू झालेला मराठी ‘विकिपीडिया’ ही दोन नावे पुरेत. परदेशांत आणि आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या गावांत राहणाऱ्या मराठी माणसाला अशा ठिकाणी आपल्या भाषेत वाचावयास आणि लिहावयास मिळते. दरडोई भावाने किंवा जाहिरातीच्या उत्पन्नाने त्यांचे मोल काढू गेल्यास आकडा लहानच येईल. चौथ्या रीतीने, आणि दोन्ही प्रश्न विचारून काढल्यास तो फार निराळा येईल.

आपल्या दारातील प्रश्न

हा सर्व पसारा मी मांडला, त्यास एक निकटचे कारण आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारिणीपुढे एका खासगी कंपनीचा प्रस्ताव आहे. संघाचे सभासद, त्यांचे पत्ते, वर्गवार गट आणि जुनी छायाचित्रे कंपनीच्या व्यवस्थेत हलवावयाची; त्याबदली कंपनी दरवर्षी स्नेहसंमेलनाचा खर्च करील. प्रस्ताव सद्‌भावनेने आलेला आहे, आणि खर्चाचा बोजा कार्यकर्त्यांना दरवर्षी जाणवतो, हेही खरे. माझे मत विचारण्यात आले, ते येथे मोकळेपणाने सांगतो.

पहिल्या दोन रीतींनी पाहिले तर स्नेहसंमेलनाचा खर्च हा चांगला भाव आहे; बाजार आपल्या सभासदांसाठी याहून अधिक देणार नाही. तिसऱ्या रीतीने पाहू. १९६० च्या दशकापासूनच्या तुकड्यांचे पत्ते कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, लग्नाकार्यांत चौकशा करून मिळविले. ते श्रम पुन्हा विकत घेता येणार नाहीत, कारण ज्यांना ते पत्ते ठाऊक होते अशी कितीतरी माणसे आज नाहीत. आणि चौथ्या रीतीने? रात्री-अपरात्री रक्तदाता हवा असताना, एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती अडली असताना, एखादे वृद्ध शिक्षक परगावी एकटे आजारी असताना या गटाने जे केले, त्याचा दर मला कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. हे सारे शक्य झाले ते, येथे मागणारा ओळखीचा असतो आणि कोणी काही विकावयास आलेला नसतो, या विश्वासावर. तो विश्वास हीच आपली ख्याती. आणि गळती वाढली की मूल्य कसे घसरते, हे आपण १२५, १८२ आणि ७७ या तीन आकड्यांत पाहिले आहे.

म्हणून कार्यकारिणीने निर्णय घेण्यापूर्वी चार प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. सभासदांच्या माहितीवर हक्क कोणाचा राहील, आणि प्रत्येकाची संमती कशी घेतली जाईल? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. संघाने सर्वांच्या वतीने परस्पर होकार देणे उचित नव्हे. सर्व मजकूर आणि छायाचित्रे हव्या त्या दिवशी, वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळतील का? गटाचे नियंत्रक कोण नेमील आणि कोण काढील? आणि उद्या ती कंपनी विकली गेली किंवा बंद पडली, तर आपल्या नोंदींचे काय होईल? या चारांतील एकाचेही उत्तर नकारार्थी किंवा अस्पष्ट आले, तर प्रस्ताव नाकारावा असे माझे स्पष्ट मत आहे.

नाकारल्यास खर्चाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून माफक वार्षिक वर्गणी घ्यावी आणि तिचा हिशेब संमेलनात वाचून दाखवावा. सभासद वर्गणी भरावयास तयार आहेत की नाहीत, हीच आपल्या समुदायाच्या मूल्यांकनाची सर्वांत प्रामाणिक कसोटी ठरेल, कारण तीत उत्तर देणारे आणि मोल देणारे एकच असतील. आणि वर्गणीचा निर्णय होईल तेव्हा होवो. तोवर पत्त्यांची नोंदवही आणि छायाचित्रे यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात कुलुपात ठेवावी, एवढे काम या महिन्यातच व्हावे, अशी माझी विनंती आहे. त्या कामासाठी लागणारे तास मी द्यावयास तयार आहे.